पंक बँडमध्ये मिळेल ते वाद्य वाजवायचं आणि रेकॉर्डिंग इंजिनियरही व्हायचं, असं करिअर नागपुरात राहून होतं का?

तू लिहिलंयस की वय वीस आहे, गिटार, बेस, ड्रम सगळंच थोडं थोडं येतं, घरी एक ऑडिओ इंटरफेस आहे आणि जो तो सांगतो, ‘एक काहीतरी धर.’ त्या ‘एक काहीतरी धर’वर माझं डोकं फिरलं, म्हणून लिहून राहिलो. एरवी मी इथे फक्त वाचतो.

एक काहीतरी न धरणाऱ्यांनीच पंकचे, म्हणजे त्या वेगवान, कच्च्या, स्वतःच्या जोरावर केलेल्या रॉकचे, अर्धे रेकॉर्डिंग केलेत. ग्लेन लॉकेट ऊर्फ ‘स्पॉट’ घे. कॅलिफोर्नियातल्या हर्मोसा बीचचा हा माणूस, कान जॅझचे, हातात गिटारपासून क्लॅरिनेटपर्यंत काहीही. ब्लॅक फ्लॅग, मिनिटमेन, हस्कर डू या अमेरिकन पंक बँडचं सुरुवातीचं रेकॉर्डिंग त्याच्याच हातचं. हस्कर डूचा १९८४ चा डबल अल्बम ‘झेन आर्केड’ मिक्सिंग धरून ८५ तासांत उरकला, बहुतेक गाणी पहिल्याच टेकची, म्हणजे एकदाच वाजवून झालेली. वाजवणारा कधी थकणार आणि कधी पेटणार हे ज्याच्या स्वतःच्या हातांना माहीत आहे, त्यालाच हे जमतं. जॅक एन्डिनो हा सिएटलच्या स्किन यार्ड बँडचा गिटारवाला, त्याआधी नौदलाच्या गोदीत खराखुरा इंजिनियर (आपल्याकडच्या आईबापांना सांगायला बरा). निर्वाणा बँडचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ त्याने रेकॉर्ड केला, बिल झालं ६०६ डॉलर १७ सेंट.

आणि स्टीव्ह अल्बिनी, वाजवणारा आणि रेकॉर्डिंग इंजिनियर दोन्ही. डिग्री पत्रकारितेची. त्याच्या बिग ब्लॅक बँडची पहिली रेकॉर्ड ‘लंग्ज’ त्याने १९८२ मध्ये घरातच, जवळपास एकट्याने केली. गिटार, बेस, गाणं स्वतः, आणि ड्रमसाठी रोलँड कंपनीची टीआर-६०६ ही ड्रम वाजवणारी मशीन. (पुन्हा ६०६. योगायोगच, पण मला आवडतो.) या मशीनची गोष्ट पुढे येणार आहे, लक्षात ठेव.

आमचा बँड होता. ड्रमर नोकरीसाठी पुण्याला गेला आणि रेकॉर्डिंग तोंडावर. मी बेस वाजवायचो, ड्रमही ओढून नेले असते, पण तेव्हा मी सक्करदऱ्याच्या एका लग्नाच्या वरातीत धुमाल पार्टीतला, म्हणजे आपल्याकडच्या वरातीच्या ढोल-ड्रमवाल्यांतला, एक पोरगा ऐकला होता. गाडीवर उभा राहून, चार-चार तास, अंगातून पाणी निथळतंय तरी हात हलका. त्याला विचारलं, येतोस का. त्याने पंक हा शब्द ऐकला नव्हता. दोन गाणी ऐकवली तर म्हणाला, ‘हे तर आपलंच आहे, फक्त बेंजो नाही.’

गच्चीवरच्या खोलीत रेकॉर्डिंग, महिना मे. नागपूरकराला पुढचं सांगायला नको. कूलर चालू ठेवला तर सगळ्या माइकमध्ये त्याची घरघर, बंद केला तर खोली भट्टी. त्यात कूलरच्या ओल्या हवेत लावलेली गिटार कूलर बंद केल्यावर कोरड्या हवेत सुरातून उतरते, म्हणजे प्रत्येक टेकआधी पुन्हा ट्यूनिंग. ड्रमला माझ्याकडे मोजून चार माइक. सुतळी घेतली, स्नेअरच्या (हातांनी वाजवायचा मधला ड्रम) मधोमध एक टोक धरलं आणि वरचे दोन्ही माइक बरोबर सारख्या अंतरावर लावले, नाहीतर दोन्हींत स्नेअर वेगवेगळ्या वेळी पोचते आणि आवाज पोकळ होतो. एक माइक किकला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला. चौथा अल्बिनीच्या पद्धतीने खोलीच्या कोपऱ्यात थेट फरशीवर. कानात ताल धरणारा क्लिक नाही, सगळे एकाच खोलीत. तो पोरगा कोरसच्या आधी किंचित पुढे पळायचा, वरातीत नाचणाऱ्यांना उचलायची सवय असते ती. मी बेस वाजवत होतो म्हणून मला ते पायात कळलं आणि मीही त्याच्यासोबत पळालो. नुसता काचेपलीकडे बसलो असतो तर कदाचित त्याला थांबवलं असतं. सगळी वाद्यं थोडी थोडी येण्याचा उपयोग हा आहे.

मग आमच्या गिटारवाल्याने ट्रॅक परगावच्या एका स्टुडिओत नेले, ‘जरा प्रोफेशनल करून आणतो’ म्हणून. आणलं ते ऐकून मी खालीच बसलो. त्या पोराचा प्रत्येक ठोका कॉम्प्युटरवर ओढून ग्रिडवर, म्हणजे तालाच्या अगदी सरळ रेघांवर बसवलेला, आणि प्रत्येक ठोक्याच्या जागी कुठल्यातरी अमेरिकन ड्रमचा सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला आवाज. कोरसची ती उसळी गायब. ड्रमर म्हणून नाव मात्र त्याचंच.

तर्री पोह्याच्या ठेल्यावर आमचं जे भांडण झालं ते आजही मिटलेलं नाही. गिटारवाल्याचं म्हणणं, ‘मूळचं लग्नातल्यासारखं वाजत होतं.’ आणि मग हुकमाचा पत्ता, ‘काऊन बे, तुझ्या अल्बिनीचा तर ड्रमरच मशीन होता ना!’ होता. पण त्याने तो लपवला का? बिग ब्लॅकच्या रेकॉर्डवर ड्रमपुढे सरळ ‘रोलँड’ असं नाव छापलंय. मशीन वाजली तर मशीनचं नाव, माणूस वाजला तर माणूस ऐकू यायला पाहिजे. माणसाचं नाव लावून मशीन वाजवणं ही चोरी आहे, आणि ती धुमालवाल्या पोराच्या बाबतीत केली की तिला मी आणखी एक नाव देतो, ते इथे लिहीत नाही. गावात वर्षानुवर्षं सगळ्यात जोरात, सगळ्यात कमी पैशात आणि कुणाची परवानगी न मागता वाजवणारे लोक कोण आहेत? पंक शोधायला तू कुठे जाणार आहेस?

बरं, तुझं करिअर. होतं, पण पंकच्या पैशावर नाही. नागपुरात पंक बँड रेकॉर्डिंगला येतात ते मित्र म्हणून, आणि मित्र उधारीवर. माझं घर चालतं ते भीमगीतांवर, ऑक्टोबरच्या आधी दीक्षाभूमीसाठी गाणी करून घेणाऱ्यांची रांग असते. निवडणुका आल्या की प्रचाराच्या रिक्षांची गाणी. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा सीझन, तेव्हा वडशाच्या नाटक कंपन्यांत ज्याला ऑर्गनही येतो आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमचा पॅडही, त्याला कधीच नाही म्हणत नाहीत. तिथे रात्रभर नाटकाबरोबर वाजवलंस तर जे शिकशील ते कुठला कोर्स शिकवणार नाही. कोर्स करू नकोस. त्या पैशात दोन बरे माइक घे आणि आधी खोलीचं अर्थिंग करून घे, नाहीतर आयुष्यभर गुणगुण ऐकत बसशील.

पैसे ठोक घे, टक्का मागू नकोस. १९९३ मध्ये निर्वाणाचा ‘इन यूटेरो’ करण्याआधी अल्बिनीने बँडला पत्र लिहून कळवलं होतं की मला प्लंबरसारखे पैसे द्या. एक लाख डॉलर घेतले, रॉयल्टीवर पाणी सोडलं. पुढे कंपनीला आवाज पटला नाही आणि दोन गाणी दुसऱ्याकडून पुन्हा मिक्स करून घेतली, म्हणजे हा त्रास एवढ्या मोठ्या माणसालाही चुकला नाही. १९९७ मध्ये त्याने शिकागोत स्वतःचा स्टुडिओ उघडला, इलेक्ट्रिकल ऑडिओ. तिथे अंगात कामगाराचा बॉयलर सूट घालून काम करायचा. २०२४ मध्ये ६१ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला, तोवर वाजवणं आणि रेकॉर्ड करणं दोन्ही चालू होतं. गेल्यावर दहा दिवसांनी त्याच्या शेलॅक बँडचा नवा अल्बम आला. ‘एक काहीतरी धर’ म्हणणाऱ्याला हे सांग.

हां, आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ती गच्ची वडिलांची आहे, भाडं नाही. बायकोला सरकारी पगार आहे. तुझ्याकडे यातलं काही नसेल तर माझं ‘होतं’ जरा कमी धर. मोठ्या कार्यक्रमांचं लाइव्ह साउंड करायचं असेल तर मुंबईला जाऊन कुणाच्या हाताखाली राहणं बरं, तिथे माझं ज्ञान चालत नाही. आणि ड्रमजवळ बसताना कानात इअरप्लग घाल, माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजते.

आणि गिटारवाल्या, तू इथे वाचतोस हे मला माहीत आहे. मूळ ट्रॅक माझ्या हार्ड डिस्कवर आहेत. ये, दोन्ही शेजारी शेजारी लावू, तो धुमालवाला पोरगा मध्ये बसेल. तो ‘तुझंच बरं’ म्हणाला तर पोह्याचे पैसे माझे.