परीक्षेच्या आठवड्यात जागं राहायला मोडाफिनिल घ्यावी का?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, रूममेट मोडाफिनिल घेऊन नाइट मारतो, आणि आपणही घ्यावी का, असं विचारतोयस. घेऊ नकोस. कॉलेजजवळ माझं मेडिकल आहे, रोज तुझ्याच वयाची मुलं समोर असतात, म्हणून सरळ अरेतुरे करतोय.

ही गोळी मुळात नार्कोलेप्सीची, म्हणजे दिवसाढवळ्या बसल्याजागी झोप लागण्याच्या आजाराची. अमेरिकेत १९९८ साली तिला त्यासाठीच मंजुरी मिळाली. झोपेची गरज ती भागवत नाही, फक्त जाणवू देत नाही. आणि शरीरातून निम्मी उतरायलाच साधारण १२ ते १५ तास लागतात. रात्री दहाला घेतलीस तर सकाळी दहाच्या पेपरला निम्मी किंवा त्याहून जास्त अंगात असते. दुपारी रूमवर येऊन आडवा झालास तरी डोळ्याला डोळा लागत नाही. मग पुढच्या पेपरला पुन्हा गोळी.

काउंटरवरून हे चक्र स्पष्ट दिसतं. मुलगा मोबाइलमधला पाकिटाचा फोटो दाखवून म्हणतो, "काका, चार सुट्या द्या ना." चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटलं की दुसरीकडून मिळवतो (मिळते, हे आमच्या धंद्याचं जुनं दुखणं). दोन दिवसांनी डोकेदुखीची गोळी मागायला मात्र माझ्याकडेच हजर. डोकं दुखणं हा मोडाफिनिलचा सगळ्यात नेहमीचा त्रास.

बरं, अभ्यास तरी चांगला होतो का? २०२३ मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये एक प्रयोग छापून आला. ४० निरोगी माणसांना मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट (एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराची गोळी) वगैरे देऊन अवघड कोडी सोडवायला लावली: पिशवीत ठरावीक वजनात जास्तीत जास्त किमतीचा माल कसा बसवायचा. गोळीनंतर खटपट वाढली, पण तिचा दर्जा घसरला. नुसतीच उचल-ठेव. शिवाय वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, आणि तीच तू कापणार.

मिथाइलफेनिडेट एडीएचडी असलेल्यांना डॉक्टर देतात, त्यांनी ती जरूर घ्यावी. पण ती एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, तेव्हा पाकिटातली एखादी मित्राला 'अॅडजस्ट' करणं महागात पडू शकतं.

रूममेटला एवढं सांग: अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी बंद आणि थेट हॉस्पिटल. क्वचित होतं, पण जिवावर बेततं. आणि ग्रुपमधली कुणी मैत्रीण गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर मोडाफिनिलमुळे त्यांचा परिणाम कमी होतो, मोडाफिनिल बंद केल्यावरही महिनाभर. हे काउंटरवर कुणी विचारत नाही.