रातच्या पाळीला दिसलेला तारा, औंढ्याचं लायगो आणि चौकातला हायमास्ट : वाचकांची आकाशाबद्दलची पत्रं

या वेळची पत्रं वाचताना एक गोष्ट फार जाणवली. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला आकाश बघायला मुद्दाम कुठं जावं लागत नाही. तो रात्री शेतात, गच्चीवर, अंगणात असतोच, फक्त काय दिसतंय ते सांगणारं कुणी जवळ नसतं. म्हणून या वेळी उत्तरं जरा सविस्तर दिलीत.

प्रश्न : सर, आमच्याकडं शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, पाळीपाळीनं असते. जानेवारीत रातच्या बाराला हरभऱ्यात दारं धरायलो की दक्षिणेकडं एक लई तेज तारा दिसतो, लाल निळा हिरवा असा रंग बदलतो. आणि त्याच्या बराच खाली, बांधावरच्या बाभळीच्या शेंड्यावर अजून एक. विमान म्हणावं तर हलत नाही. हे नेमकं काय आहे?
— शेतकरी, परतूर तालुका

उत्तर : दादा, वरचा तो व्याध. ग्रह सोडले तर रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा तोच, अंतर ८.६ प्रकाशवर्षं, म्हणजे तुम्ही बघताय तो उजेड तिथून साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला आहे. रंग तो स्वतः बदलत नाही, तो पांढराच आहे, पण वरच्या हवेचे थंड-गरम थर सारखे हलत असतात आणि त्यातून येताना उजेड थोडाथोडा वाकतो, वेगवेगळे रंग वेगवेगळे वाकतात, म्हणून तो असा चमचमतो. तारा जितका तेज आणि जितका खाली तितकं हे जास्त दिसतं.

खालचा अगस्ती. तेजात दुसरा नंबर. त्याचं अंतर साधारण ३१० प्रकाशवर्षं, त्यामुळं तो उजेड निघाला तेव्हा इकडं निजामाची राजवटसुद्धा सुरू झालेली नव्हती, ती १७२४ ची. आणि अगस्ती दिसणं ही आपली खरी चैन आहे बघा. दिल्लीवाल्यांना तो क्षितिजापासून जेमतेम ९ अंश वर येतो, धुळीत आणि बिल्डिंगमागं हरवून जातो. आपण दक्षिणेला असल्यामुळं तो १८ अंशांपर्यंत चढतो, हात लांब करून मूठ धरली तर जवळपास दोन मुठी वर.

आता एक करा. व्याधापासून वर उजवीकडं नजर न्या, तीन तारे एका रेघेत दिसतील, गावाकडं त्यांना तिकांडं म्हणतात, तो मृग नक्षत्राचा मधला भाग. तिकांड्याची रेघ खाली डावीकडं वाढवली की व्याध येतो, उलटीकडं वाढवली की लालसर रोहिणी, आणि तशीच पुढं नेली की कृत्तिकांचा बारका पुंजका. या एका रेघेवर निम्मं हिवाळी आकाश पाठ होतं, ॲप लागत नाही.

आणि हो, बाभळीचा शेंडा तुम्ही खूण म्हणून धरलाय ते फार चांगलं केलंत. तारे रोज साधारण ४ मिनिटं लवकर उगवतात. म्हणजे पंधरा दिवसांनी परत रात्रीची पाळी आली की तोच तारा त्याच शेंड्यावर बाराऐवजी अकरालाच आलेला असेल. त्याच जागेवर उभं राहून वेळ बघा, वहीत लिहून ठेवा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा हा पुरावा तुमच्या बांधावरच मिळतो.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, वाढदिवसाला दुर्बीणच पाहिजे म्हणून मागं लागलाय. ऑनलाइन अडीच-तीन हजारात "६७५ पट मोठं दाखवणारी" दुर्बीण दिसायली. घ्यावी का?
— एक आई, परभणी

उत्तर : ताई, ती घेऊ नका. मुलाचा उत्साह एका रात्रीत मारायचा असेल तर यासारखं दुसरं साधन नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो.

दुर्बिणीचं काम मुळात उजेड गोळा करणं आहे, मोठं करून दाखवणं नंतर. समोरच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये बघा, त्याला दोननं गुणा, तेवढ्या पटीच्या पुढं काही हाती लागत नाही. ५० मिलिमीटरच्या भिंगाला १०० पट ही शेवटची हद्द. त्याच्यावर ६७५ पट केलं तर वरणात पाणी वाढवल्यासारखं होतं, पातेलं भरतं पण चव जाते. चंद्राचा एक पुसट डाग दिसतो, बाकी काळोख. शिवाय स्टँड इतका हलका असतो की हात लावला की सगळं थरथरतं.

त्याऐवजी १० बाय ५० ची बायनॉक्युलर घ्या. ५० म्हणजे भिंगाचा व्यास, १० म्हणजे किती पट. गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकवून बघायला लावा. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र (गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये पाहिले तेच, आणि रोज जागा बदलताना दिसतात), कृत्तिकांचा पुंजका, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकता ढग), आणि अंधार चांगला असेल तर २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह), एवढं सगळं त्यात आहे. शनीची कडी मात्र दिसणार नाहीत, त्यांना निदान २५-३० पट लागतं. ती कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याला बरोबर कडेवरून दिसत होती म्हणून सुईसारखी बारीक झाली होती, आता वर्षागणिक परत उघडत चाललीयेत, त्यामुळं घाई नाही. एक हिवाळा गेल्यावरही पोरगा स्वतःहून गच्चीवर जात असेल तर मग १३० मिलिमीटर आरशाची दुर्बीण बघा. त्याआधी संभाजीनगरला एमजीएमच्या आवारात खगोल-अंतराळ विज्ञान केंद्र आहे, तिथं चौकशी करून आकाशदर्शनाचा कार्यक्रम असेल तेव्हा त्याला एकदा मोठ्या दुर्बिणीतून बघू द्या.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो. स्वस्त दुर्बिणींबरोबर कधीकधी डोळ्याकडच्या भिंगाला लावायची छोटी काळी काच येते, सूर्य बघायला म्हणून. ती फेकून द्या. गोळा झालेल्या उन्हानं ती तडकते आणि डोळा कायमचा जातो.

प्रश्न : सर, मी अकरावीला आहे. मागं एकदा अंधार पडताना आकाशात एका रांगेत कितीतरी दिवे सरकत गेले, शेजारचे म्हणाले मिसाईल आहे, कुणी म्हणालं एलियन. आणि व्हॉट्सॲपवर ते थ्रीआय ॲटलास एलियनचं यान आहे म्हणून व्हिडिओ फिरायलेत, ते खरं का?
— विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर : तू पाहिलेत ते बहुतेक स्टारलिंकचे उपग्रह. इंटरनेटसाठीचे हे उपग्रह एकाच रॉकेटमधून खूप सारे सोडतात, मे २०१९ मध्ये पहिल्या खेपेला ६० सोडले होते. सोडल्यानंतर काही दिवस ते एकामागं एक खालच्या कक्षेत असतात, मग हळूहळू वर जाऊन पांगतात. आपल्याकडं सूर्य मावळलेला असतो पण तेवढ्या उंचीवर ऊन असतं, म्हणून संध्याकाळी आणि पहाटेच ते जास्त दिसतात.

२ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी जे जळत गेलेलं लोकांनी पाहिलं ते वेगळं होतं. तो चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा भाग वातावरणात शिरला होता, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडं धातूची मोठी कडी खाली पडलेली सापडली. ओळखायची खूण सांगतो, लाल-हिरवं लुकलुकलं तर विमान, न लुकलुकता सरकत जाऊन मध्येच विझलं तर उपग्रह पृथ्वीच्या सावलीत गेला, सेकंदभरात रेघ मारून संपलं तर उल्का, आणि तुकडे होत सावकाश बराच वेळ जळत गेलं तर असा कचरा.

थ्रीआय ॲटलास हा धूमकेतू आहे, यान नाही. १ जुलै २०२५ ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीनं शोधला, सूर्यमालेबाहेरून आलेली ही आपल्याला सापडलेली तिसरी वस्तू. १९ डिसेंबर २०२५ ला तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला तेव्हासुद्धा २७ कोटी किलोमीटर लांब होता, सूर्य आहे त्याच्या जवळपास दुप्पट. सूर्याच्या उबेनं वायू आणि धूळ सोडत होता, धूमकेतू करतात तसंच. मला यातली खरी गोष्ट जास्त आवडते. अशी दुसरी वस्तू २०१९ मध्ये गेन्नादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकानं स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून शोधली होती, तिला त्याचंच नाव आहे. तू अकरावीत आहेस, हे लक्षात ठेव.

प्रश्न : आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो होणार, पेपरात त्याला दुर्बीण म्हणतात. दोन शंका आहेत. त्यातून आम्हाला तारे बघायला मिळतील का? आणि वसमत-औंढा-कळमनुरी पट्ट्यात जमिनीतून गूढ आवाज येतात, १० जुलै २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, मग इतकं नाजूक यंत्र इथंच कामून?
— निवृत्त शिक्षक, वसमत

उत्तर : गुरुजी, पहिल्याचं उत्तर नाही असंच आहे. लायगो हे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लाटा पकडणारं यंत्र, त्याला डोळा लावायची जागाच नाही. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आत निर्वात पोकळी, आणि टोकाला आरसे. एकच लेसर दोन्हीकडं पाठवायचा, परत आल्यावर एकात एक मिसळायचा. दोन्ही भुजा जशाच्या तशा असतील तर उजेड उजेडाला मारतो आणि बाहेर अंधार राहतो. कुठंतरी दोन कृष्णविवरं आदळली, त्यानं अवकाशच ताणलं-आवळलं गेलं, ती लाट इथून गेली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते आणि थोडा उजेड बाहेर पडतो. हा फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका बारीक मोजावा लागतो. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन यंत्रांनी अशी लाट पहिल्यांदा पकडली, ती १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली होती.

दुसरी शंका अगदी रास्त आहे आणि ती विचारायलाच पाहिजे. यंत्राला त्रास होतो तो मुख्यतः रात्रंदिवस चालू असणाऱ्या कंपनांचा, म्हणजे समुद्राच्या लाटा, रेल्वे, हायवेवरचे ट्रक, कारखाने. लिव्हिंग्स्टनला तर जवळच्या मालगाड्या आणि जंगलतोडीची कंपनंसुद्धा नडतात. औंढ्याची जागा समुद्रापासून लांब, मोठ्या वर्दळीपासून बाजूला, त्यामुळं ही रोजची कुरकुर तिथं कमी. अधूनमधून बसणारा धक्का ही वेगळी गोष्ट. आरसे ४० किलोचे असतात आणि काचेच्या तारांवर, चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेले असतात, खालची जमीन हलली तरी ते शक्यतो स्थिर राहावेत म्हणून. मोठा भूकंप तर जगाच्या दुसऱ्या टोकाला झाला तरी अमेरिकेतलं यंत्र बंद पडतं, काही मिनिटं ते काही तास जातात, मग परत जुळवून चालू करतात. म्हणजे धक्का बसला तर तेवढ्या वेळाचं मोजमाप जाईल, पण सततची कंपनं असती तर सगळंच मोजमाप गेलं असतं.

आणि भारतातच कशाला, तर दिशा कळावी म्हणून. लाट कोणत्या यंत्राला आधी लागली, कोणत्याला नंतर, यावरून ती कुठून आली ते काढतात, आणि यंत्रं एकमेकांपासून जितकी लांब तितका अंदाज नेमका. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेले अतिशय घट्ट गोळे) आदळल्याची लाट आली तेव्हा इटलीतल्या व्हर्गो यंत्रामुळं आकाशातला शोधायचा तुकडा छोटा झाला आणि साधारण ११ तासांत चिलीतल्या फक्त १ मीटर आरशाच्या दुर्बिणीनं वासुकी तारकासमूहातल्या एका दीर्घिकेत तो नवा उजेड शोधून काढला, १३ कोटी प्रकाशवर्षांवरचा! एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं या प्रकल्पाला साधारण २६०० कोटींची मंजुरी दिली. तो उभा राहिला की जगभरातल्या दुर्बिणी कुठं वळवायच्या ते ठरवण्यात हिंगोली जिल्ह्याचा वाटा असेल. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांना हे जरूर सांगा.

प्रश्न : शून्य सावली आपल्याकडं कधी? शाळेतल्या पोरांना दाखवायची आहे.
— जि. प. शिक्षिका, निलंगा

उत्तर : मॅडम, शून्य सावली म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते तो दिवस. निलंग्याला १२ मेच्या आसपास, लातूरला १३-१४, नांदेड-परभणीला १६-१७, जालना-संभाजीनगरला १९-२०. वेळ बरोबर बाराची नाही, सव्वाबारा ते साडेबाराच्या मधली, म्हणून बारा वाजल्यापासूनच उभं राहायचं. शाळेला सुट्टी असेल, तर पोरांना घरीच सपाट फरशीवर स्टीलचा पेला उपडा ठेवायला सांगा. जुलै-ऑगस्टच्या सुमारास परत एक दिवस येतो पण तेव्हा ढग असतात, मेचाच धरा.

प्रश्न : आमच्या चौकात हायमास्ट बसला आणि अंगणातून दिसायची ती आकाशगंगा गेली. तक्रार करावी का, का गाव सोडून लांब जावं?
— केज

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण हे गावोगाव व्हायलंय. पुण्या-मुंबईची माणसं अंधार शोधत शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवत जातात, आणि आपल्याकडं तो दारात होता, आपण तो विचार न करता घालवतोय.

दिवा काढा अशी मागणी करू नका. बाया-माणसांना, म्हाताऱ्यांना चौकात उजेड लागतोच. ग्रामसभेत एवढंच मांडा की दिव्यांची तोंडं तिरपी आहेत ती सपाट खाली करा, वरून झाकण बसवा, पांढऱ्या-निळ्याऐवजी पिवळसर दिवे घ्या, आणि रात्री अकरानंतर निम्मे बंद करा. तिरप्या दिव्याचा बराच उजेड आभाळात आणि लोकांच्या डोळ्यात जातो, जमिनीवर कमीच पडतो, त्यामुळं ही मागणी वीजबिलाच्या बाजूनंही पटवता येते.

तोपर्यंत गावापासून दोन-तीन किलोमीटर शेताकडं गेलात तरी फरक पडेल. अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा, गावाकडं पाठ करून बसा आणि अर्धा तास मोबाईल बघू नका, डोळ्याला अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. आपला सीझन दिवाळीपासून मेपर्यंत, त्यातही मे महिन्यात मध्यरात्रीनंतर दक्षिणेला वृश्चिक-धनूकडची आकाशगंगा सगळ्यात दाट असते, फक्त धूळ नसली पाहिजे. उल्का बघायच्या असतील तर ऑगस्टचा ययातीचा वर्षाव पावसात जातो, त्याच्या नादी लागू नका. १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुनेचा वर्षाव धरा, दहानंतर मिथुनेतले पुनर्वसूचे दोन तारे वर आले की गोधडी घेऊन आडवं पडायचं आणि दर तासाला किती दिसल्या ते लिहायचं. चंद्र होता का, ढग किती होते हेही लिहा आणि आम्हाला पाठवा, गावाच्या नावासकट फेब्रुवारीच्या अंकात छापू.