रॉक संगीताच्या मासिकाचा वाचक नेमका कोण?

प्रश्न : मी माध्यमशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रॉक संगीताच्या छापील मासिकाचा आराखडा हा आमच्या गटाचा प्रकल्प आहे. वाचकवर्ग म्हणून आम्ही ‘१५ ते ४० वर्षे, शहरी, संगीतप्रेमी’ असे लिहिले, तर ‘हे कोणालाही लागू पडेल’ असा शेरा मारून मॅडमनी ते परत केले. वाचकवर्ग ठरवायचा कसा?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : शेरा रास्त आहे. दहावीतला मुलगा आणि घरकर्जाचे हप्ते भरणारा चाळिशीचा गृहस्थ हे दोघेही एकच बँड ऐकत असतील, पण त्यासाठी खिशात हात घालण्याची त्यांची कारणे निराळी असतात आणि मासिक उभे राहते ते त्या कारणांवर.

ब्रिटनमधली दोन मासिके शेजारी ठेवून पाहा. १९८१ मध्ये ‘साउंड्स’ या संगीत साप्ताहिकाची पुरवणी म्हणून जेफ बार्टन यांच्या संपादनाखाली ‘केरँग!’ निघाले. जोरात छेडलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज हेच त्याचे नाव, आणि पहिल्या मुखपृष्ठावर एसी/डीसी या बँडचा गिटारवादक अँगस यंग. हेवी मेटल या जोरकस रॉकवर जीव टाकणाऱ्या तरुणांना त्यात आपले घर सापडले. पाचच वर्षांनी, १९८६ मध्ये, मार्क एलेन आणि डेव्हिड हेपवर्थ यांनी ‘क्यू’ काढले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वयाने थोडा मोठा वाचक होता, ज्याच्या घरी नुकताच सीडी प्लेअर आला होता आणि जो कॉलेजात घेतलेल्या एलपी (मोठ्या तबकड्या) आता पुन्हा सीडीवर विकत घेत होता. त्याला भांडकुदळ टीकालेखांपेक्षा ही तबकडी पैसे टाकण्याजोगी आहे का, एवढेच हवे होते. म्हणून तिथे तारे देऊन केलेल्या परीक्षणांना भरपूर पाने मिळाली. पहिल्या मुखपृष्ठावर बीटल्स या जुन्या बँडमधला पॉल मॅकार्टनी होता, हेही त्या वाचकाला धरूनच. (पुढे कोणतेही गाणे फोनवर क्षणात ऐकता येऊ लागले, तेव्हा या सल्ल्याची गरजच ओसरली, २०२० मध्ये ‘क्यू’ बंद पडले.)

आपल्याकडे बाजारपेठेच्या पाहणीत कुटुंबाची वर्गवारी मुख्य कमावत्याच्या शिक्षणावरून आणि घरातल्या फ्रिज, एसीसारख्या वस्तू मोजून करत आले आहेत. साबण विकणाऱ्याला ती पुरते, तुम्हाला नाही. अमित सैगल यांनी १९९३ मध्ये ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे रॉक संगीताचे नियतकालिक सुरू केले ते मुंबईत नव्हे, अलाहाबादेत. अशा वर्गवारीने ते गाव कोणी निवडले असते, असे मला वाटत नाही.

वर्गमित्रांना प्रश्नावली पाठवू नका. मैत्रीखातर सगळे ‘हो, घेऊ’ म्हणतील. त्याऐवजी शनिवारी संध्याकाळी एखाद्या वाद्यांच्या दुकानात तासभर थांबा. अर्धा तास पेडल (गिटारचा आवाज बदलणारे पायाने दाबायचे यंत्र) वाजवून पाहणारा आणि शेवटी फक्त तारांचा एक सेट नि तारा छेडायच्या दोन पिक घेऊन जाणारा मुलगा तिथे भेटेलच. संगीतावर शेवटचे पैसे कशाला दिले, एवढेच त्याला विचारा. तिकिटाला, टी-शर्टला की तारांना? मग एखाद्या लाइव्ह कार्यक्रमाच्या रांगेतल्या पंधरावीस जणांनाही तेच विचारा. उत्तरांचे दोन-तीन ढीग पडतील, त्यांतला एकच उचला आणि बाकीच्यांना सोडून द्या. हे सोडणेच जड जाते, आणि तुमच्या गटात वाद होईल तो इथेच.

भाषेचा निर्णयही त्याच ढिगातून निघेल. गाणी इंग्रजी ऐकणारा, पण अॅम्पची (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राची) खरखर कशी घालवायची हे मित्राला मराठीत विचारणारा मुलगा तुमचा वाचक असेल, तर मासिक मराठीत काढायला काहीच हरकत नाही.

मग आराखड्यात असे काहीसे लिहा : ‘घरी गिटार आहे, बँड जमवण्याच्या खटपटीत आहे, महिन्याच्या खर्चातून पैसे वाचवून पेडल घेणार आहे.’ वय लिहायचेच असेल, तर त्यानंतर लिहा.