नागपुरात घर बांधतोय, उन्हाळ्यात आत थंड राहावं. लाल विटा घेऊ की एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे)?

बाहेरच्या भिंतींना ८ इंची एएसी ब्लॉकच घ्या. पश्चिमेच्या भिंतीला तर नक्कीच. आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) फ्रेममध्ये घराचं वजन कॉलम-बीम पेलतात, भिंतीला मुख्यतः ऊन-पाऊस अडवायचा असतो. ब्लॉकमध्ये हवेचे बारीक कप्पे असल्यामुळे तेवढ्याच जाडीच्या विटेच्या मानाने उष्णता साधारण पाव ते एक तृतीयांशच आत येते.

मात्र कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी मारूनच प्लास्टर करा, नाहीतर तिथे हमखास तडे जातात. ब्लॉक पाणीही शोषतो, म्हणून बाथरूमच्या भिंतींना वॉटरप्रूफिंगची हयगय नको.

आणि हो, वरचा स्लॅब तसाच तापू देऊ नका! गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या, भिंतींच्या खर्चासोबत तोही खर्च आधीच धरा.