लेकीला आणि तिच्या जोडीदारणीला बाळ हवंय

प्रश्न : ताई, आमची लेक पुण्यात तिच्या मैत्रिणीसोबत संसार करतेय, आम्ही दोघींनाही आपलंच मानलंय. आता मैत्रीण गरोदर राहायचं म्हणतेय. ह्यांच्या पुतण्याला डोनर करू, घरचंच रक्त राहील असं आम्ही सुचवलं तर लेक गप्पच झाली. आता काय करू? – एक आई, सांगली

उत्तर : काकू, तुमची माया कळते हो, पण पुतण्याचा विषय सोडूनच द्या. २०२१च्या एआरटी कायद्याप्रमाणे, म्हणजे मूल होण्यासाठीच्या वैद्यकीय उपचारांच्या कायद्याप्रमाणे, डोनरचे शुक्राणू नोंदणी झालेल्या बँकेतूनच घ्यावे लागतात, ओळखीतला माणूस नेऊन चालत नाही. आणि रक्ताचा विषय काढला की लेकीला वाटणार ना, की मग मी या बाळाची कोण?

एकट्या बाईला आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, करता येतं, वय २१ ते ५०च्या मधलं हवं, लग्नाची अट नाही. खरी काळजी पुढेच आहे, कागदावर आई एकच लागणार, कारण २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही आणि अशा जोडप्याला मिळून दत्तकही घेता येत नाही. म्हणजे रात्री उठून बाळाला झोपवणारी तुमची लेक कायद्याला परकीच, मला याचा फार राग येतो! म्हणून मैत्रिणीने मृत्युपत्र करून त्यात लेकीला बाळाची पालक नेमावं, चांगला वकील बघा, जमलं तर त्याची फी तुम्ही भरा. बाकी दवाखान्यात सोबत येऊ का, एवढंच विचारा आणि त्या नको म्हणाल्या तर घरी थांबा.