शर्यतीच्या बैलाला दाखला देण्याआधी

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

यात्रांचा हंगाम तोंडावर आहे आणि बैलगाडा शर्यतीच्या मैदानावर तुझी पहिलीच नेमणूक आहे. तिथे वेळ थोडा असतो, आवाज फार असतो आणि प्रत्येकाला बैल पळायला तंदुरुस्त असल्याचा दाखला लगेच हवा असतो. म्हणून काही गोष्टी आधीच लिहून ठेवतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी शर्यती बंद केल्या. 2017 मध्ये महाराष्ट्र राज्याने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली आणि नियम आणले. 16 डिसेंबर 2021 ला सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पण या निकालाने कुणाला मोकळं रान मिळालेलं नाही. नियमांची काटेकोर अंमलबजावणी झाली पाहिजे असं त्यात स्पष्ट सांगितलंय आणि ती जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकलीय. त्या प्रशासनातर्फे बैलाच्या अंगाला प्रत्यक्ष हात लावणारा माणूस तू आहेस. शर्यत कायदेशीर झाली तेव्हापासून बैलाच्या बाजूने उरलेला कागद म्हणजे तुझा दाखला. तो बैल न बघता दिला, तर बाकीचे नियम नुसते छापलेले राहतात.

जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत आदल्या दिवशीच मागून घे आणि अटी नीट वाच. धावपट्टी 1000 मीटरच्या आत हवी. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका देणारं यंत्र यांना पूर्ण मनाई आहे. आदल्या संध्याकाळी धावपट्टी पायी चालून बघ. दगड, खड्डे, ओल तर बघच, पण सगळ्यात जास्त लक्ष निशाणाच्या, म्हणजे शेवटच्या रेषेच्या, पुढच्या भागावर ठेव. भरधाव बैल रेषेवर थांबत नाही. पुढे मोकळी, भुसभुशीत जमीन नसेल, तिथे गाड्या लावलेल्या असतील किंवा बाजूला कठडा नसलेली विहीर असेल, तर ते लेखी कळव. तोंडी सांगितलेलं सकाळी कुणाला आठवत नाही.

तपासणीची जागा मैदानापासून लांब, सावलीत माग. टेम्पोतून उतरवल्या उतरवल्या नाडी मोजू नकोस. प्रवासाने ती चढलेलीच असते. अर्धा तास उभं राहू दे, पाणी पिऊ दे, मग बघ. विश्रांतीतल्या बैलाचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट, शेपटीच्या खालच्या बाजूच्या धमनीवर नाडी मिनिटाला 50 ते 80 आणि कुशीच्या हालचालीवरून मोजलेला श्वास 15 ते 30. हे तीन आकडे कानातल्या 12 अंकी बिल्ल्याच्या नंबरासमोर लिही. फक्त बिल्ल्यावर मात्र विसंबू नकोस. कपाळावरचा भोवरा, शिंगांची ठेवण आणि दोन्ही कुशींचे फोटो घे. तपासलेला बैल एक आणि पळालेला दुसरा, असं होऊ शकतं, आणि पांढऱ्या खिल्लारांच्या गर्दीत ते डोळ्यांना पटकन कळत नाही.

आता हाताने बघायच्या गोष्टी. सुरुवात शेपटीपासून कर. मुळापासून गोंड्यापर्यंत एकेक मणका बोटांत धरून खाली ये. निरोगी शेपूट सलग वळते. मध्येच कोन जाणवला, गाठ लागली, बैलाने मागचा पाय झाडला, तर तिथे मणका दुखावलाय किंवा मोडून तसाच जुळलाय. बैल सुटावा म्हणून शेपूट पिरगाळतात, दातांनी चावतातसुद्धा. चाव्याचे कमानीसारखे वण केसांखाली सापडतात, म्हणून केस उलटे करून बघ. मांड्यांच्या मागे आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना टोचणीचे बारीक खपले शोध. शॉकची खूण बहुतेक वेळा राहत नाही. पण मागच्या भागाजवळ रिकामा हात नेला तरी बैल अंग चोरून पुढे उडी घेत असेल, तर ती नोंद कर आणि त्या जोडीवर दिवसभर नजर ठेव.

वेसण ओढून नाकाचा पडदा फाटलाय का, रक्त आहे का, बघ. खांद्यावर तळहात दाबून फिरव. गरम, मऊ सूज लागली तर खांदा आलाय, त्या बैलाला जू नको. पत्री, म्हणजे खुराची नाल, त्याच सकाळी नव्याने मारली असेल तर बैलाला कठीण जमिनीवर चालव. खिळा खुराच्या आतल्या जिवंत भागाला लागला असेल तर पाय टेकताना तो कचरतो, आणि पळताना तोच पाय दगा देतो. आदत, म्हणजे दुधाचे दात न पडलेल्या, खोंडाचे दात स्वतः उघडून बघ. दुधाचे दात असलेल्या वयात लांब हाडांच्या टोकांची वाढ चालू असते. मालक कितीही म्हणाला, तरी अशा जनावराला दिवसात पुन्हा पुन्हा पळवायला तुझी संमती नको. लम्पीच्या गाठी किंवा तोंडाखुरांत फोड दिसले, तर चर्चाच करू नकोस. तो बैल त्याच टेम्पोतून घरी, आणि बाकीच्यांपासून लगेच वेगळा.

लोक तुला स्टेजजवळ खुर्ची देतील. तिथे बसू नकोस. निकाल निशाणावर लागतो, पण बैलाचे हाल बहुतेक सुट्टीच्या जागी, म्हणजे जिथून बैल सोडतात तिथे, होतात. तिथे चार-पाच जण बैल धरून असतात, हलगी वाजत असते, झेंडा पडायला उशीर होतो आणि त्या मिनिटाभरात शेपटीवर, पोटावर, नाकावर हात चालतात. तू तिथे दिसलास तरी फरक पडतो. निवेदकाला आधीच भेट आणि काठी दिसली तर जोडी बाद, हे त्याच्या तोंडून माइकवर वारंवार जाऊ दे. त्याचं लोक ऐकतात.

पळून आलेला बैल लगेच बांधू देऊ नकोस; आधी हळूहळू फिरवायला सांग. 20 ते 30 मिनिटांनी पुन्हा तिन्ही आकडे घे. श्वास आणि नाडी सकाळच्या आकड्यांजवळ आली नसेल तर पुढची फेरी नाही. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेचे धागे आणि तापमान 104 च्या वर असेल तर तो उष्माघाताच्या वाटेवर आहे. सावलीत आणून मानेवर, कुशीवर, मांड्यांवर सतत पाणी ओतायला लाव आणि वारा घालायला सांग. 103 पर्यंत उतरलं की थांबव, नाहीतर ताप गरजेपेक्षा खाली जातो. मालक प्रेमापोटी अंडी-दूध बाटलीने पाजायला धावतात. धापणाऱ्या बैलाला काहीही पाजू देऊ नकोस. ते श्वासनलिकेत जातं आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनियाने बैल जातो. बादली समोर ठेवायची, तो आपणहून पिईल तेवढंच.

मालकाशी बोलताना आवाज चढवू नकोस. त्याने पोटाला चिमटा घेऊन तो बैल वाढवलाय. चारचौघांत अपमान झाला की तो बैलाचं काहीच ऐकून घेणार नाही. बाजूला घे, सुजलेल्या खांद्यावर त्याचाच हात ठेव. बरेच जण तिथेच ऐकतात. ऐकत नसेल तर दाखला नाकारल्याचं कारण लिही, वेळ टाक, त्याची सही घे. सही दिली नाही तर दोन साक्षीदारांच्या घे. मारहाण डोळ्यांनी पाहिली तर फोटो-व्हिडिओसह बंदोबस्तावरच्या पोलिसांकडे लेखी दे. मूळ कायद्याच्या कलम 11 मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड जेमतेम 10 ते 50 रुपये आहे, पण राज्याच्या दुरुस्तीत शर्यतीच्या अटी मोडल्यास 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून तक्रारीत अटी मोडल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. उत्तेजक दिल्याचा संशय असेल तर रक्ताचा नमुना पंचनाम्याशिवाय घेऊ नकोस. सील आणि सह्या नसतील तर तो पुढे टिकत नाही.

पिशवीत दोन थर्मामीटर ठेव, एक फुटतोच. स्टेथोस्कोप, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, सलाईन, जखमेची औषधं, दोरी आणि कार्बनचा कागद घे. नाकारलेल्या प्रत्येक दाखल्याची एक प्रत त्याच संध्याकाळी तहसील कार्यालयात पोहोचव आणि पोच घे.

तुझा,
सर