हातातल्या बॅगेतला खाऊ

प्रश्न : मुलगी जर्मनीत असते. तिच्याकडे जाताना चकल्या, पुरणपोळ्या, लोणचे आणि घरचे तूप हातातल्या बॅगेतून नेता येईल का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : चकल्या आणि पुरणपोळ्या खुशाल न्याव्यात; सुरक्षा तपासणीत कोरड्या खाण्यावर सहसा हरकत घेतली जात नाही. अडचण आहे ती ओल्या पदार्थांची. 2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आल्यावर 100 मिलिलिटरची मर्यादा आली, आणि तीत तूप, श्रीखंड, आमरस, चटणी असे जे जे ओघळते किंवा माखते ते सारे धरले जाते. मोजले जाते ते भांड्याचे माप, आतला जिन्नस नव्हे. म्हणून अर्धा किलोच्या बरणीत तळाशी चमचाभर तूप असले तरी ती बरणी अडते. तान्ह्या बाळाचे दूध मात्र प्रवासापुरते नेता येते.

लोणचे घट्ट झाकणाच्या बरणीत, दुहेरी पिशवीत बांधून चेक-इन सामानात ठेवावे. तूप मात्र, जीव कितीही तुटला तरी, घरीच ठेवावे, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ चेक-इन सामानातूनही नेता येत नाहीत.